मुलांनी मिळून रचलेले गाणे

विज्ञान दिन, जलसप्ताह किंवा वृक्षदिंडी जवळ आली की शाळाशाळांतून गाण्यांची शोधाशोध सुरू होते. जुन्या पुस्तिकेतले एखादे गाणे सापडते, ते फळ्यावर लिहिले जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि दोन दिवसांत त्याला चाल लागते. गाण्यात बहुधा ‘पाणी वाचवा’ असे सांगितलेले असते. आता लातूर शहरातल्या, किंवा अहमदपूर, कंधार, मुखेड या भागातल्या मुलांना पाणी वाचवा हे गाण्यातून सांगायची खरोखर गरज आहे काय? उन्हाळ्यात घागर किती वाजता भरावी लागते, रांगेत नंबर कसा धरतात, बोअर मारताना पाण्याऐवजी नुसता फुफाटा कसा निघतो, हे तीच आपल्याला सांगतील. तेव्हा गाणे त्यांनाच रचू द्यावे, असे आम्हांला वाटते. आठवी-नववीच्या मुलांना ते जमते. मात्र ते आपोआप जमत नाही.

‘चला, सहा-सहा जणांचे गट करा आणि पाण्यावर गाणे लिहा’ असे सांगून शिक्षक खुर्चीवर बसले, तर पुढे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गटातला एक जण, ज्याचे अक्षर चांगले आणि ज्याला पहिल्या तीनांत नंबर असतो तो, वही ओढून घेतो. दोघे माना डोलावतात. उरलेले तिघे दप्तराच्या पट्ट्यांशी खेळतात. तासाच्या शेवटी एक गाणे तयार असते आणि त्यावर सहा नावे असतात. ते गाणे एकट्याचे असते. पुष्कळदा त्याचेही नसते, कारण त्याने ते पाठ्यपुस्तकातल्या कवितेच्या साच्यात ओतलेले असते.

हा दोष मुलांचा नाही, पद्धतीचा आहे, आणि तो जगभर तपासला गेला आहे. अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी १९५३ साली लिहिलेल्या पुस्तकातून अशी कल्पना रूढ केली की, माणसे एकत्र बसून मोकळेपणाने बोलू लागली की एकट्यापेक्षा कितीतरी जास्त कल्पना सुचतात. ऐकायला हे पटते. १९५८ साली येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते तपासून पाहिले. चार-चार विद्यार्थ्यांचे काही गट एकत्र बसवले. दुसऱ्या बाजूला तेवढेच विद्यार्थी वेगवेगळे बसवले आणि त्यांच्या कल्पना नंतर चार-चारांच्या हिशोबाने एकत्र मोजल्या. एकेकटे बसलेल्यांच्या एकत्रित कल्पना गटाच्या सुमारे दुप्पट भरल्या. असे का व्हावे? जर्मनीतील डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली याचा माग काढला. इतर हसतील ही भीती, किंवा दुसरा करीलच हा आळस, ही कारणे थोडीफार होतीच. पण मुख्य कारण अगदी साधे निघाले. एका वेळी एकच जण बोलू शकतो. तो बोलत असताना बाकीच्यांना आपले सुचलेले धरून ठेवावे लागते, आणि ते धरून ठेवण्याच्या नादात नवे काही सुचत नाही. ज्याचा आवाज बारीक, त्याची पाळी येईपर्यंत त्याचे सुचलेले विरून जाते.

म्हणून पहिला नियम असा की, सुचण्याचे काम एकेकट्याने आणि मुकाट्याने करायचे. निवडण्याचे आणि बसवण्याचे काम मात्र सर्वांनी मिळून, मोठ्याने करायचे. हे दोन्ही उलटे झाले की गटाचे गाणे फसते.

प्रत्येक मुलाला चार चिठ्ठ्या द्याव्यात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, तीही स्वतः पाहिलेली, ऐकलेली किंवा मोजलेली. मत नको, उपदेश नको, कविता तर मुळीच नको. नाव लिहायचे नाही. पाच-सात मिनिटे वर्गात शांतता हवी. ‘पाण्याचे महत्त्व फार आहे’ अशी चिठ्ठी आली तर ती बाजूला ठेवावी, कारण तिच्यात पाहिलेले काही नाही. ‘टँकर आला की आजी आधी पाइपाचं तोंड धरते’, ‘विहिरीचा तळ दिसला तेव्हा तिथं चप्पल सापडली’ अशा चिठ्ठ्या येऊ लागल्या की काम सुरू झाले म्हणून समजावे. मग गटागटांनी चिठ्ठ्या अदलाबदल कराव्यात, म्हणजे कोणाची चिठ्ठी कोणती हे कळत नाही. वाचणाराही दुसरा असतो. एरवी जी मुलगी तोंड उघडत नाही, तिची चिठ्ठी वर्गात पहिल्यांदा अशी ऐकू येते. ‘ही माझी’ असे तिने पुढे कधीतरी सांगितले तर उत्तम, न सांगितले तरी चालते.

इथपर्यंत गाण्याचा एक शब्दही लिहिलेला नसतो. शिक्षकांनी घाई करू नये. पहिला तास चिठ्ठ्यांतच संपला तरी बिघडत नाही.

आता ओळ बसवण्याकडे वळू. इथे आपल्याकडे एक जुनी सोय आहे, आणि ती बाहेरून आणावी लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर दोघी-दोघी बसत. एकीने ओवीची सुरुवात टाकावी आणि दुसरीने ती पुढे न्यावी, अशी रीत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या अशा ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या. यांतली बहुतेक ओवी एकीची नाही. ती ऐकली गेली, बदलली गेली, पुढे दिली गेली. ओवी बसते की नाही हे कोण ठरवी? जाते ठरवी. खुंट्याचा फेरा पुरा होण्याआधी शब्द संपले तर स्वर लांबवायचा, शब्द उरले तर गिळायचे. मालेगावच्या खंडोबाच्या जत्रेत वाघ्या-मुरळी गातात तेव्हाही एक जण पुढे म्हणतो आणि मागचे झील धरतात. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ते नुसते सोबतीला नसतात. शाहिराला पुढची ओळ आठवायला किंवा सुचायला जो वेळ लागतो, तो ते भरून काढतात.

वर्गात जाते नाही, पण टाळी आहे. गटाने सावकाश आठ टाळ्या द्याव्यात आणि त्या आठ टाळ्यांत एक ओळ म्हणावी. दर टाळीला दोन मात्रा पडतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, अनुस्वार असलेल्या किंवा जोडाक्षरावर आघात येणाऱ्या अक्षराचीही दोन, हे मुलांनी व्याकरणाच्या तासाला पाठ केलेलेच असते. ते कशासाठी, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. टाळीवर ओळ अडखळली की ते ठाऊक होते.

आम्हांला या टाळीचा मोठा गुण वाटतो तो वेगळाच. ओळ चांगली की वाईट हे ठरवायची वेळ आली की गटात हुशार मुलाचे मत चालते, किंवा दांडग्या मुलाचे. टाळीला नंबर माहीत नसतो. ओळ बसत नाही म्हणजे बसत नाही, मग ती कोणाचीही असो. बसते म्हणजे बसते. मागच्या बाकावरच्या मुलाने सुचवलेला शब्द टाळीवर नेमका पडला की वाद संपतो. म्हणून गटातल्या ‘कवी’ मुलाला लेखणी देऊ नये, त्याला टाळी धरायला बसवावे. तो ते काम आनंदाने करतो, आणि त्याचे कान चांगले असल्याने गटाचा फायदाच होतो.

एक नमुना करून पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. तिला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आजच्या आठवी-नववीच्या मुलांना तो उन्हाळा आठवणार नाही, पण घरी विचारले तर चिठ्ठ्यांचा ढीग पडेल. समजा, गटाने पहिल्या दोन ओळी अशा रचल्या:

रेल्वे आली घेउन पाणी
गावामधली हीच कहाणी

मात्रा मोजा, दोन्ही ओळी सोळा-सोळा आहेत. यमकही आहे. पण दुसऱ्या ओळीने काय कळले? काहीच नाही. ती यमकासाठी आली आहे. मराठीत ‘पाणी’ म्हटले की ‘कहाणी’, ‘गाणी’ आणि ‘राणी’ हात जोडून उभ्याच असतात. अशा वेळी शिक्षकांनी ओळ वाईट आहे असे म्हणू नये. ‘ही ओळ कोणत्या चिठ्ठीतून आली?’ एवढेच विचारावे. चिठ्ठी सापडत नाही आणि मुले स्वतःच ओळ खोडतात.

मग आकडे घ्यावेत. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पाच लाख लिटरला तिने भागले तर माणशी सव्वा लिटरहून किंचित जास्त येते. हा भागाकार वर्गात प्रत्यक्ष करावा. फळ्यावर उत्तर उमटले की वर्गात जी शांतता पसरते तिच्यातून पुढचे कडवे येते:

वाट्या आले सव्वा लीटर
भरते कसली त्यानं घागर

‘लिटर’मधला लि इथे लांबवला आहे. गाण्यात ते चालते. जात्यावर बायका हेच करीत. आता हे कडवे दुसऱ्या गटाकडे तपासायला द्यावे. हा टप्पा आम्ही अतिशय महत्त्वाचा मानतो, कारण विज्ञानाच्या तासाला गाणे का, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तपासणाऱ्या गटाने तीनच प्रश्न विचारायचे: हे खरे आहे का, कशावरून, आणि नेहमी खरे आहे का? त्या गटातला एखादा मुलगा हटकून म्हणेल, ‘पण पाणी तसं वाटलं कुठं? ते शुद्ध करून शहराच्या पुरवठ्यात गेलं, आणि पुढं पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, त्यांत पंचवीस लाख लिटर असायचं.’ आक्षेप रास्त आहे. सव्वा लिटर कोणाच्या वाट्याला आले नव्हते, तो आपला हिशोब होता, आणि तोही पहिल्या गाडीचा. पंचवीस लाखांचा हिशोब माणशी साडेसहा लिटर येतो. म्हणजे ओळ सुधारायला हवी, पण मात्रा तशाच राहायला हव्यात:

पहिली गाडी, दहाच टाक्या
हिशोब केला, सव्वा लीटर

सोळा-सोळा मात्रा कायम राहिल्या आणि खोटेपणा गेला. विधान अधिक नेमके करणे म्हणजे काय, हे प्रयोगवहीत महिनाभर शिकवून जेवढे समजते तेवढे या अर्ध्या तासात समजू शकते. यमक सुटले हे खरे. ‘भरते कसली त्यानं घागर’ ही ओळ पाठोपाठ ठेवली की तेही सांधले जाते.

उलटही घडते. बोअरवर रचताना गटाने ‘खोल खोल जा, पाणी लागे’ अशी ओळ केली, तर ती टाळीवर अगदी चोख बसते. टाळीच्या परीक्षेत ओळ उत्तीर्ण होते आणि खडकाच्या परीक्षेत नापास! नांदेड-लातूरचा मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. जसजसे खोल जावे तसतशा भेगा साधारणपणे कमी आणि अरुंद होत जातात. म्हणून शेजारच्याने पाचशे फूट मारले तर आपण आठशे मारू, या हिशोबाने पाणी लागेलच असे नाही. पैसा मात्र नक्की जातो. ही गोष्ट घरोघरी घडलेली असते आणि कर्जाच्या रूपाने घरात राहिलेली असते. ‘फुफाटा उडे, पाणी नाही’ ही ओळ वर्गातल्या एखाद्या मुलाच्या चिठ्ठीत आधीच असण्याचा संभव आहे. तिच्यात सोळा मात्राही आहेत आणि भूशास्त्रही.

भाषेविषयी थोडे सांगायला हवे. आपल्याकडच्या वर्गात बसलेल्या सर्व मुलांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलली जात नाही. ‘तो जातो आहे’ याला मुले ‘त्यो जायलाय’ म्हणतात. तांड्यावरून येणारी मुले घरी गोरबोली बोलतात, मुसलमान मुले दखनी. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कानडी कानावर असते. निबंधाच्या वहीत या शब्दांवर लाल रेघ पडते. गाण्याच्या वेळी तरी ती पडू देऊ नये. हा केवळ मन राखण्याचा प्रश्न नाही. ‘जातो आहे’च्या मात्रा आठ आणि ‘जायलाय’च्या सहा. ओळीत दोन मात्रा जास्त होत असतील तर बोलीतला शब्द ती अडचण सोडवतो. जवळ दोन-तीन भाषा असलेल्या मुलाकडे एकाच गोष्टीसाठी दोन-तीन मापांचे शब्द असतात, म्हणजे गटात त्याची गरज लागते. तोच मुलगा, जो एरवी ‘शुद्ध बोल’ हे ऐकून गप्प बसलेला असतो.

लातुरात तर आणखी एक अडचण आहे. अकरावी-बारावीसाठी इथे जिल्ह्याबाहेरून मुले येतात आणि त्या हवेचा वारा आता आठवी-नववीलाही लागला आहे. तोंड फळ्याकडे, शेजारचा स्पर्धक, आणि चारपैकी एका पर्यायावर खूण. चार तास गाण्यात घालवायचे म्हटले की पालक विचारणार, याचे गुण किती? आम्ही याचे उत्तर गुणांत देत नाही. पण एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. विल्टरमथ आणि हीथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका लयीत चाललेली किंवा एका सुरात गायलेली माणसे त्यानंतरच्या खेळांत एकमेकांना अधिक सांभाळून घेताना दिसली. शेजारच्याची टाळी चुकली की आपली ओळ पडते, हे ज्याने अनुभवले त्याला शेजारच्याकडे पाहावेच लागते.

चालीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. भजनाची, भुलईची, पोवाड्याची, कोणतीही ओळखीची चाल घ्यावी. सिनेमाची चाल आम्ही टाळतो. तिच्याबरोबर तिचे शब्द येतात आणि मुले विडंबन करू लागतात. नुसते ठेक्यात म्हणायचे असेल, आजकालची मुले तसे पुष्कळ म्हणतात, तर तेही चालेल. टाळी तीच असते. एक गोष्ट मात्र पाळावी: सर्व कडव्यांना एकच चाल ठेवावी. वांडा वॉलेस यांच्या १९९४ च्या अभ्यासात असे आढळले की चालीमुळे शब्द लक्षात राहतात ते ती चाल कडव्यामागून कडव्यात पुन्हा पुन्हा आली तरच. नुसते एकदा ऐकलेल्या कडव्याला चालीचा फायदा मिळाला नाही.

विषय निवडताना सांभाळावे असे एक ठिकाण आहे. किल्लारी परिसरातील शाळांत भूकंपाचा विषय चिठ्ठ्यांतून आपोआप येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे चार वाजता झालेल्या त्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आजच्या मुलांनी तो पाहिलेला नाही, पण घरात त्याचा फोटो असतो. इथे चिठ्ठी वाचून दाखवण्यापूर्वी वर्गाला विचारून घ्यावे, आणि गाण्याचा प्रश्न शक्यतो ‘घरे का पडली?’ असा ठेवावा. हातभर जाड दगडी भिंत म्हणजे भक्कम, अशी आपली समजूत होती. त्या भिंतींतले दगड मातीत बसवलेले होते, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना सांधलेला नव्हता, आणि वर माळवदाचे जड ओझे होते. जमीन हलली तेव्हा वजन जेवढे जास्त तेवढा जोरही जास्त बसला. भिंत दुभंगली आणि माळवद खाली आले. हे समजून घेऊन रचलेले गाणे रडवे होत नाही. आजी-आजोबांकडून पुढे काय काय ऐकायला मिळते ते मुलांनी लिहून ठेवावे, त्यातले गाण्यात यावे की नाही हे घरच्यांनीच ठरवावे.

गाण्यातून ज्ञान पोचवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, आणि अगदी आपल्या क्षेत्रातले म्हणजे २ ऑक्टोबर १९८७ रोजी देशाच्या पाच भागांतून निघून ७ नोव्हेंबरला भोपाळला मिळालेले भारत जन विज्ञान जथे. या सर्वांची गाणी शाळांनी जरूर गावीत. फक्त ती गाणी ज्यांनी रचली ते कामकरी, शेतकरी, कार्यकर्ते स्वतःच्या अनुभवाचे सांगत होते. आपण मुलांना त्यांचे शब्द देतो आणि त्यांची रीत देत नाही, हे बरोबर नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. एकूण चार तास लागतात. सलग दिवशी नकोत, मध्ये घरी विचारायला सवड हवी. गट पाच-सहांचे करावेत आणि त्यात दोघा-दोघांनी एकेक कडवे रचावे. धृपद मात्र सर्वांनी मिळून. मुली-मुलगे एकत्र बसायला संकोचत असतील तर जोड्या वेगळ्या ठेवाव्यात, गट एकच असू द्यावा. स्पर्धा लावू नये, पहिला-दुसरा नंबर काढू नये. शिक्षकांना गाता येत नसले तर बरेच आहे, मुले त्यांच्यावर विसंबत नाहीत. शिक्षकांनी एकही ओळ सुचवू नये, हे सर्वांत अवघड. मोबाइलवर गाणे टिपून लगेच ऐकवावे. कुठे ठेका सांडतो ते मुलांना स्वतः कळते.

गाण्यांची एक वही शाळेत ठेवावी आणि प्रत्येक कडव्याखाली त्यातल्या आकड्याची तारीख व जागा लिहावी. विहिरीची खोली आजोबा ‘परसा’त सांगतील, तर परस म्हणजे किती फूट हे दोरी सोडून मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच विहिरीवर जाईल तेव्हा पाणी वर आलेले असेल किंवा खाली गेलेले असेल. मग ते कडवे त्यांनी बदलून लिहायचे, जुने खोडायचे नाही.